अमेरिकेतला मोठा मॉडेल रेल्वे शो: दोघांनी बघायचा कसा आणि बेळगावात आणायचं काय?

दुसरं_गेट (टिळकवाडी)
जानेवारीत मुलाकडे कनेक्टिकटला आहोत. तिथून मॅसॅच्युसेट्सचं वेस्ट स्प्रिंगफील्ड जवळ पडतं, म्हणून ॲमहर्स्ट रेल्वे सोसायटीचा जानेवारीअखेरचा शो दोघांनी बघायचा ठरलाय. घरचा बोर्ड आठ बाय चार फुटांचा, स्केल एचओ (खऱ्याच्या १:८७), आता डीसीसीवर (प्रत्येक इंजिनाला रुळांतूनच वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) जायचंय. डोक्यात गोव्याकडे उतरणारा रेल्वेचा कॅसलरॉक ते कुळे घाट आहे. मंडळींना इंजिनांत गम्य नाही, पण डोंगर, झाडी, घरं हे सगळं काम त्यांच्याच हातचं. एक दिवस पुरेल का? दोघांनी फिरायचं कसं? आणि इथं आणून खरोखर चालेल असं काय घ्यावं?

चिकोडी_रोड
दोन दिवस. शो शनिवार-रविवार असतो आणि चार इमारतींत पसरलेला असतो: बेटर लिव्हिंग सेंटर, मॅलरी, स्ट्रो आणि यंग. सगळ्या ईस्टर्न स्टेट्स एक्स्पोझिशनच्या मैदानात. आत हीटिंग, पायाखाली सिमेंटची फरशी आणि एका इमारतीतून दुसरीत जाताना उघड्यावर शून्याखालचा पारा. जाड कोट अंगावर ठेवून आत तासभर फिरलात की घाम, मग बाहेर आलात की हुडहुडी. आत सुती, वर पातळ स्वेटर, त्यावर पटकन काढता येणारा वारा अडवणारा कोट. बुटांचा तळवा खरबरीत हवा, कारण वितळून पुन्हा गोठलेला बर्फ दिसत नाही.

यादीतला माल शनिवारी सकाळी घ्या. वापरलेल्या मालाच्या टेबलांवरचे चांगले नग आधी उचलले जातात. रविवारी दुपारी विक्रेते भाव सोडतात, पेट्या परत गाडीत भरायचा त्यांनाही कंटाळा असतो. तोवर तुम्हाला हवा तो नग मात्र राहिलेला नसतो. थोडक्यात, गरज शनिवारी आणि मोह रविवारी.

घटप्रभा_पूल
"गम्य नाही" म्हणून त्यांना मागे मागे फिरवू नका हो. दर टेबलाशी "झालं का?" विचारत उभं राहणारं माणूस दोन तासांत थकतं आणि मग दोघांचाही शो संपतो. दोन याद्या, दोन पाकिटं करा. भेटायची जागा आणि वेळ ठरवा, उदाहरणार्थ दर दीड तासाने बेटर लिव्हिंग सेंटरच्या आतल्या दाराशी. फोनवर विसंबू नका, गर्दीत रिंग ऐकू येत नाही. भेटलात की दहा मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, काय बघितलं ते सांगायचं.

देखाव्याचं काम करणाऱ्याने क्लबांच्या लेआउटवर चार जागा बघाव्या: पाण्याचा काठ, खडकाचा पाया, रुळाच्या खडीची बाहेरची कड आणि जिथं जमीन मागच्या रंगवलेल्या आकाशाला भिडते ती रेघ. हौशी काम इथंच उघडं पडतं. तुमच्या मंडळींना विशेष बघायला हवी ती चौथी, कारण तुमच्या ह्या घाटात दूधसागर आहे. धबधबा ३१० मीटरचा. एचओत १:८७ ने भागला तर साडेतीन मीटर भरतो, म्हणजे घराच्या छताला भोक! तो ६०-७० सेंटीमीटरांत बसवायचा तर खाली एचओची झाडं, मध्ये लहान आणि वर एन स्केलची (एचओच्या जवळजवळ निम्म्या मापाची) झाडं लावून उंचीचा भास करावा लागतो. डोंगरी लेआउट करणारे क्लब हे कसं साधतात ते बाजूने वाकून बघावं, समोरून कळत नाही.

पाण्याची धार पारदर्शक सिलिकॉन सीलंटची करतात. प्लास्टिकच्या कागदावर उभ्या रेघा ओढायच्या, काडीने उकलायच्या, २४ तास वाळू द्यायच्या, मग सोलून कड्यावर चिकटवायच्या आणि कोरड्या ब्रशने पांढरा ॲक्रिलिक फिरवायचा. जाड रेघ आतून वाळत नाही, दुधाळ राहते. सीलंट इथं कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, तिथून वाहून आणू नका.

आणि बोर्डावर कोपर टेकू नका, गाडीला हात लावू नका. लेआउट चालवणारे आतल्या बाजूला उभे असतात. शनिवारी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, रविवारी दुपारी तेच खालचा पडदा वर करून वायरिंगसुद्धा दाखवतात. विचारून बघा.

निपाणी_नाका
आमच्या निपाणीला रेल्वे नाही ओ, म्हणून घरात करून घेतली! इंजिनाचं मी सांगतो.

वापरलेलं इंजिन घ्यायलाय तर स्टॉलवर टेस्ट ट्रॅक आहे का विचारा. नसला तर खिशात ९ व्होल्टची बॅटरी आणि टोकं सोललेल्या दोन वायरी. डावी-उजवी चाकं वेगवेगळ्या वायरीला टेकवली की साधं डीसी इंजिन फिरायला पाहिजे, दोन्ही दिशांना. फिरलं नाही म्हणून लगेच मेलं समजू नका. आत डिकोडर (डीसीसीचे हुकूम वाचणारी चिप) असला आणि त्याच्या सीव्ही २९ ह्या सेटिंगमध्ये ॲनालॉग, म्हणजे साध्या डीसीवर चालणं, बंद केलेलं असलं तर ते हलत नाही. आवाजाचा डिकोडर असला तर ९ व्होल्टला नुसतंच गुरगुरतं. तसलं इंजिन डीसीसी ट्रॅकवरच बघायचं, तिथं पत्ता ३ टाकून. बहुतेक डिकोडर कारखान्यातून पत्ता ३ घेऊनच येतात.

आता आवाज ऐका. चाकाच्या दर फेऱ्याला टक, टक, टक असं ठराविक अंतराने आलं तर एक्सलवरचं प्लास्टिक गिअर चिरलंय. जुन्या मालात हे सर्रास. एक्सलवर घट्ट बसवलेलं गिअर वर्षानुवर्षं ताणात राहतं आणि दोन दातांच्या मधे फाटतं. भिंग घेऊन खालून बघा, केसाएवढी फट दिसते. गिअर सुटं मिळतं, दुरुस्ती अवघड नाही, पण भाव त्या हिशेबाने पाडून घ्यायचा. नुसती किरकिर असली तर वाळलेलं ग्रीस, त्याला भ्यायचं नाही.

दुसरं, ओतीव चौकट. जुन्या झिंकच्या ओतकामात भेसळ असली की चौकट फुगते, वाकते, भेगा पडतात. बॉडी चौकटीवर नीट बसत नसली, मध्ये उंच वाटली, तर हात जोडा आणि पुढे व्हा. ह्याला औषध नाही.

तिसरं, चाकांमधलं आतलं अंतर. एचओत सुमारे १४.४ मिमी. डिजिटल व्हर्निअर चार ठिकाणी लावा. १४ च्या खाली आलं तर पॉइंटवर (रूळ जिथं फुटतात तिथं) चढणार. चाक पिळून नीट करता येतं, पण सगळीच चाकं आत आलेली असतील तर कोणीतरी आधी खटपट करून सोडून दिलंय, असा अर्थ.

डब्यांना वजन बघा. अमेरिकन मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा, एनएमआरएचा, आडाखा सोपा आहे: १ औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. सहा इंची वाघिणीला ४ औंस, म्हणजे ११३ ग्रॅम. हलका डबा घाटात वळणावर आत ओढला जाऊन पडतो. शिशाची पट्टी इथंच मिळते, वजन विमानाने आणू नका.

लोंढा_जंक्शन
वीज. ह्यावर भाबडेपणा नको.

अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जुन्या कंट्रोलरच्या काळ्या ठोकळ्यात लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असतो, इनपुट फक्त १२०. बेळगावच्या २३० ला जोडला की पहिल्या मिनिटाला वास आणि दुसऱ्याला धूर. बाजारातली पिन बदलून देणारी चिप्पी व्होल्टेज बदलत नाही. डीसीसी सिस्टीमच्या पॉवर सप्लायवरचं लेबल स्वतः वाचा: "१००-२४०, ५०/६०" असेल तरच घ्या. नसेल तर फक्त कमांड स्टेशन (डीसीसीचा हुकूम सोडणारा मुख्य डबा) घ्या आणि त्याला लागेल तो एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, इथं घ्या. व्होल्टेज, अँपिअर आणि पिनची दिशा मॅन्युअलमधून उतरवून ठेवा. तीन रुळांवर चालणारी ओ गेजची देखणी जुनी गाडी मोहात पाडेल. ती एसीवर चालते, तिचा ट्रान्सफॉर्मर १२० चा आणि तुमच्या रुळांशी तिचं काही नातं नाही. बघून घ्या, फोटो काढा.

आठ बाय चारला ३ अँपिअरचं कमांड स्टेशन भरपूर. एचओचं आजचं इंजिन अर्ध्या अँपिअरच्या आत चालतं, आवाजासकट थोडं वर. बोर्डाखाली २.५ स्क्वेअर एमएमच्या दोन वायरींचा बस (मुख्य वाहिनी) आणि दर रुळाच्या तुकड्याला ०.५ स्क्वेअरची शेपटी. रुळांच्या जोडपट्टीवर वीज वाहण्याची जबाबदारी टाकली की पहिल्या पावसाळ्यात, आपल्याकडच्या दमट हवेत, तीच आधी दगा देते. काम झाल्यावर ठिकठिकाणी रुळांवर नाणं आडवं टाका. प्रत्येक जागी कमांड स्टेशनने तात्काळ वीज तोडली पाहिजे. एके ठिकाणी जरी तोडली नाही तरी तिथं वायर बारीक आहे किंवा सोल्डरचा डाग कच्चा आहे, आणि खऱ्या शॉर्टमध्ये डब्याची बोगी वितळेल.

खानापूर_एमजी
गेजबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. एचओचा रूळ १६.५ मिमी, तो १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचा. आपला ब्रॉडगेज १६७६, म्हणजे १:८७ ला १९.३ मिमी हवा. बाजारातल्या रुळांवर भारतीय डबा ठेवला तर गाडी अंगाने रुंद आणि पायाने अरुंद दिसणार. बहुतेक जण हे मुकाट्याने मान्य करून पुढे जातात, आणि माझ्या मते बरोबर करतात. १९ मिमीचे रूळ हाताने घालायला लागलात तर पॉइंट, चाकं, बोग्या सगळंच हातचं.

पण ज्याला नव्वदच्या दशकाआधीचं बेळगाव-लोंढा मीटरगेज करायचंय त्याने ह्या शोमध्ये फसू नये. अमेरिकन अरुंद गेजचा माल दिसेल, तो बहुतेक तीन फुटी गेजचा, एचओत १०.५ मिमी. मीटरगेजला १२ मिमी लागतो. स्विस मीटरगेजवाले वापरतात तो. दोन्हींना 'नॅरो गेज'च म्हणतात, म्हणून पट्टी लावून घ्या.

दुसरं_गेट
ब्रॉडगेजच करतोय, १६.५ वर. घाटाचा चढ १:३७ तसाच ठेवायचा विचार आहे. आणि आपल्या मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिनाला जवळचं काही तिथं मिळेल का?

लोंढा_जंक्शन
हिशेब करा. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला एचओत ८ सेंटीमीटर चढावं लागतं. १:३७ ने २९६ सेंटीमीटर लांबी. चार फुटी रुंदीत २२ इंची त्रिज्येच्या वर जाता येत नाही. व्यास ४४ इंच, दोन्ही कडेला दोन-दोन इंच उरतात. (कडेला पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी लावाच, नाहीतर इंजिन थेट फरशीवर.) २२ इंची वर्तुळाचा घेर ३५१ सेंटीमीटर. म्हणजे जवळजवळ एका पूर्ण वळशात चढ बसतो.

मेख वळणात आहे. ३२ ला इंचातल्या त्रिज्येने भागा, येईल तेवढे टक्के चढ वळणाच्या घर्षणाने वाढतो, असा जुना ठोकताळा आहे. इथं दीड टक्का. १:३७ चे २.७ टक्के, एकूण सुमारे ४.२. म्हणजे गाडीला तो १:२४ चा घाट वाटणार. सपाटीवर आरामात नेते त्याच्या निम्मे डबेही एकटं इंजिन नेणार नाही. खऱ्या घाटात मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावतात, तेच करा, तसंही शोभेल. फक्त दोन्ही इंजिनांचा वेग डीसीसीत जुळवून घ्या. मागचं जास्त पळालं तर मधले डबे वळणावर बाहेर फेकले जातात.

चिकोडी_रोड
डब्ल्यूडीजी-४ हे ईएमडी ह्या अमेरिकन कंपनीच्या जीटी-४६ मॅक घराण्यातलं. हुबळी शेडमुळे आपल्या नजरेतलं. शोमध्ये त्याच्या भाऊबंदांपैकी एसडी-७० मॅक हमखास दिसेल, पण ते एचओत २६ सेंटीमीटर भरतं, आपल्यापेक्षा लांब, आणि बोग्याही वेगळ्या. चालतं यंत्र म्हणून घ्यायचं आणि वरची बॉडी इथं कापून-जोडून किंवा थ्रीडी प्रिंट करून बसवायची, असं ठरलं असेल तरच. मग आधी बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, बॉडीची लांबी नंतर.

त्यापेक्षा सोपं आपलं जुनं डिझेल, डब्ल्यूडीएम-२. ते अमेरिकन अल्को कंपनीचंच, लांबी १७.१२ मीटर, एचओत १९.७ सेंटीमीटर. त्याची तीन एक्सलची असमान अंतराची ट्रायमाउंट बोगी अल्कोच्या आरएसडी मालिकेतल्या इंजिनांना होती आणि ती मॉडेलं जुन्या मालात मिळतात. मी असतो तर शनिवारी सकाळी पहिली चक्कर त्यासाठीच मारली असती.

डबे: आपल्या रेल्वेचा जुना आयसीएफ डबा २४.५ सेंटीमीटर होतो, नवा एलएचबी २७. अमेरिकन ८५ फुटी डबा जवळजवळ ३० सेंटीमीटर, तो २२ इंचावर आतल्या बाजूला फार लोंबतो. पेटीवर किमान त्रिज्या छापलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे काढू नका. पॉइंट घ्याल तर सहा नंबरचे (नंबर मोठा तितका फाटा सौम्य). चार नंबरवर सहा एक्सलचं इंजिन कुरकुरतं.

निपाणी_नाका
काय आणायचं त्याची माझी यादी, बघा पटतेय का: केडी कंपनीचे नंबर ५ कपलर (डबे जोडायचे आकडे), केडीचाच कपलरची उंची मोजायचा २०५ नंबरचा गेज, एनएमआरएचा रूळ-चाक तपासायचा पत्रा, ३३ आणि ३६ इंची धातूची चाकं, रुळांच्या जोडपट्ट्या, ८ आणि २१ पिनचे दोन-दोन डिकोडर. सगळं मिळून जेवणाच्या डब्याएवढं होतंय. कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमीवर यायला पाहिजे. घाट जिथं सुरू होतो तिथं गाड्या सुटतात त्या ह्याच कारणाने.

फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकणारा रूळ) ९१ सेंटीमीटर लांब असतो, २८ इंची बॅगेत मावत नाही. नऊ इंची तुकडे घ्या, नाहीतर नादच सोडा.

आणू नका: प्लाय, कॉर्क, फोम, वायर, गोंद. खडीही नको. क्रशरची भुकटी चाळा. खरी खडी ५० मिमीची, एचओत साधारण अर्धा मिमी. चाळल्यावर त्यातून लोहचुंबक तीन वेळा फिरवा, लोखंडाचे कण राहिले तर मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटायलेत म्हणून समजा. बसवताना आधी पाण्यात साबणाचा थेंब टाकून फवारा, मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी. फवारलं नाही तर गोंदाचा थेंब खडीवर गोळी होऊन बसतो.

घटप्रभा_पूल
परतीची बांधाबांध. इंजिनं केबिन बॅगेत, मूळ पेटीत. एक्स-रेवर ती घट्ट काळा ठोकळा दिसतात, उघडायला सांगतात, म्हणून वर चिकटपट्टीचे वेढे घालू नका. स्क्रू-ड्रायव्हर, व्हर्निअर, पक्कड चेक-इनमध्ये. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांना टेप. स्प्रेचे डबे, एनॅमल रंग, थिनर, प्लास्टिक जोडायचं पातळ सिमेंट विमानात चालत नाही, कितीही स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. वापरलेल्या मालाचीही हाताने लिहिलेली पावती मागून घ्या, कस्टमला किंमत दाखवायला कागद लागतो.

दुपारच्या खाण्याला रांगा असतात. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पिशवीत असू द्या, दोन दिवस टिकते. बेळगावहून नेणार असाल तर अमेरिकेत उतरताना खाण्याचं सामान आहे म्हणून सांगायचं, लपवायचं नाही.

खानापूर_एमजी
जायच्या आधी दोघांनी पुण्याला एक चक्कर मारा. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे, एचओच. अनेक गाड्या एका वेळी बघताना आपल्याला नक्की काय आवडतं हे तिथं कळतं, आणि मंडळींची यादी तिथंच निम्मी तयार होते. हुबळीचं रेल्वे संग्रहालयही बघा, बेळगावकरांना तिथल्या दोन जुन्या बंगल्यांची नावं वाचून बरं वाटेल: मलप्रभा आणि घटप्रभा.

घटप्रभा_पूल
बरं वाटतं.

दुसरं_गेट
सगळं उतरवून घेतलं. मंडळींनी स्वतःच्या यादीत एक ओळ घातलीय: खानापूरच्या जांभ्याची चिमूटभर माती पुडीत न्यायची आणि तिथल्या रंगांच्या, गवताच्या पाकिटांशी जुळवून बघायची. तिकडची माती सगळी करडी-तपकिरी दिसते म्हणे.

घटप्रभा_पूल
कल्पना उत्तम, पण माती नेऊ नका. अमेरिकेत परवानगीशिवाय माती नेता येत नाही, बुटांना लागलेलीसुद्धा धुऊन न्यावी. रंगाच्या दुकानातून शेड कार्ड घ्या. सकाळी दहाच्या उन्हात एकदा कोरड्या आणि एकदा ओल्या जांभ्यावर धरून जुळणाऱ्या पट्ट्यांवर खूण करा. ओल्याची पट्टी वेगळी हवी, दूधसागर पावसाळ्यातलाच करणार ना? आणि तिथं जुळवताना पाकीट दाराजवळ नेऊन दिवसाच्या उजेडात बघायला सांगा, हॉलच्या दिव्याखाली लाल रंग हमखास फसवतो.